६५ वॅटचा चार्जर आणि रखडलेला मोबाईल (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

*सी ३०१ वहिनी:* टाईप-सी म्हणजे कुठलाही चार्जर चालतो असं परवा इथंच कुणीतरी लिहिलं होतं. गणपती पेठेतनं ६५ वॅटचा आणला. ह्यांच्या मोबाईलच्या खोक्यावर ८० वॅट लिहिलंय आणि तासाभरात निम्मापण भरंना. दुकानदारानं गंडवलं का?

*ए १०२ आण्णा:* एवढे वॅट लावूच नका. बॅटरी फुगते.

*बी २०४:* आण्णा, चार्जर वॅट ढकलत नाही, मोबाईल मागून घेतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक आठवा. खालची मोटर केवढीही असू दे, टाकी भरत आली की कॉक पाणी आवळतो. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं ते त्याचमुळं.

*बी २०४:* वहिनी, वायर लावली की पहिल्यांदा फक्त ५ व्होल्ट येतात. मग चार्जर पिनमधल्या एका बारक्या तारेवरनं सांगतो, माझ्याकडं ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, काय देऊ? फोन त्यातलं निवडतो. ह्या बोलण्याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, पीडी. तुमच्या मोबाईलचे ८० वॅट मात्र कंपनीच्या स्वतःच्या बोलीतले. ती बोली ह्या चार्जरला येत नाही.

*सी ३०१ वहिनी:* म्हणजे टाईप-सी हे नुसतं तोंड?

*बी २०४:* बरोब्बर. तोंड एक, भाषा वेगवेगळ्या. सॅमसंगवाल्यांना २५ वॅट पाहिजेत तर चार्जरवर पीपीएस (पीडीचाच एक प्रकार) लिहिलेलं बघा. त्यात व्होल्ट २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हलतात, म्हणून फोनच्या पोटात कमी तापतं.

*सेक्रेटरी:* बी विंगसमोर पांढरी गाडी कुणाची? टँकर आत येईना.

*बी २०४:* वहिनी, चार्जर घेऊन या खाली. मीटर आहे माझ्याकडं.

*बी २०४:* लावला. आधी ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॅट. वायर जुनी होती, मोठ्या चपट्या तोंडाची, म्हणून पीडीचं बोलणंच होईना. दोन्हीकडं सी असलेली लावली तर ९ व्होल्ट, १.९ अँपिअर. १७ वॅट! त्याच चार्जरवर माझा लॅपटॉप २० व्होल्टवर गेला. दुकानदाराचा दोष नाही.

*सी ३०१ वहिनी:* मग लॅपटॉपला पूर्ण ६५ मिळतात?

*बी २०४:* साधी वायर ३ अँपिअरच्या वर नेत नाही. २० गुणिले ३, म्हणजे ६०. त्यापुढं ५ अँपिअरची वायर लागते, तिच्या टोकात चिप असते. पीडीची मजल २०२१ पासनं २४० वॅटपर्यंत गेलीय, पण वायर त्या दमाची पाहिजे. वायरीला कोण विचारतंय? सगळे चार्जरचेच वॅट मोजत बसतात.

*सी १०३ काकू:* माझी हातातली बॅटरी (टॉर्च) त्या दोन्हीकडं सी असलेल्या वायरीवर चार्जिंगला लागतच नाही. २०१९ च्या महापुरापासनं पावसाळ्याआधी भरून ठेवते मी.

*बी २०४:* काकू, ती बिघडलेली नाही. तिच्या सी तोंडात ५.१ किलोओहमचे दोन बारके रेझिस्टर लागतात. ते दिसल्याशिवाय सी चार्जर वीजच सोडत नाही. बनवणाऱ्यानं चार-आठ आणे वाचवायला ते गाळलेत. जुन्या चार्जरच्या मोठ्या भोकात ५ व्होल्ट कायमच असतात, तिथली वायर लावा, चालेल.

*सी १०३ काकू:* लागली! लाल दिवा आला.

*डी ४०२:* युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासनं नव्या मोबाईलला टाईप-सी सक्तीचं झालंय ना? आयफोनपण २०२३ ला वळला.

*बी २०४:* हो. आणि तिथं फास्ट चार्जिंग असेल तर पीडीपण चाललं पाहिजे. कंपनीची बोली वर ठेवायला हरकत नाही.

*ए १०२ आण्णा:* ते मीटर संध्याकाळी घेऊन ये रे. माझ्या ड्रॉवरमध्ये सात चार्जर पडलेत.