नेटवाल्याला पोलिस कुणी केलं?

निवांत_पुणेकर

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर नेट बंद. खांबावरची वायर तुटली असेल म्हणून दुकानात फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "काका, लाइन आम्हीच बंद केलीय. तुमच्यावर नोटीस आहे." कसली? तर सोमवारी पिक्चर डाउनलोड केल्याची. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा इंग्रजी ईमेल, त्यात आयपी (नेटवरचा पत्ता), पोर्ट (त्या पत्त्यामागचा एक नंबर), तारीख आणि वेळ: 14:10. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या डहाणूकर कॉलनीतल्या घरात फक्त माझी 81 वर्षांची आई होती आणि ती झोपलेली होती. जागी असली तरी रिमोट हातात दिला की ती आधी चष्मा शोधते.

दीड दिवस फोन केले. शेवटी "पुन्हा असे होणार नाही" असं कागदावर लिहून, सही करून दिलं तेव्हा नेट आलं. न केलेल्या गुन्ह्याची लेखी माफी!

माझं म्हणणं एवढंच की चोरी पकडणं हे नेटवाल्याचं काम नाही. महापालिकेच्या पाण्यावर कुणी हातभट्टी लावली म्हणून महापालिका त्याचा नळ तोडत नाही, त्याला पोलिस आहेत. फ्रान्सने हा प्रयोग करून पाहिलाय. 2009 मध्ये कायदा केला, दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा सापडलात तर नेट तोडायचं. 2013 मध्ये नेट तोडण्याची शिक्षा त्यांनीच मागे घेतली. अमेरिकेतल्या कंपन्यांनी 2013 पासून सहा ताकिदींची योजना चालवली, तीही 2017 मध्ये गुंडाळली. आणि आपल्याकडे दुकानातला पोरगा फोनवर निकाल देतो.

पेठेतली_पाल

महापालिका पाणी देते हे आधी सिद्ध करा, मग पुढचं बोलू. (हलके घ्या.)

साउंडवाला

आजींबद्दल वाईट वाटलं, पण मुद्द्याशी असहमत.

मी मराठी चित्रपटांच्या ध्वनीचं काम करतो. मागच्या वर्षी एका सीनसाठी ओल्या शहाबादी फरशीवर स्लिपर घासल्याचा आवाज हवा होता. रात्री अकरापासून अडीचपर्यंत फरशी भिजवत, तीन जोड बदलत बसलो. चित्रपट शुक्रवारी लागला. शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीचा वॉचमन तोच चित्रपट मोबाइलवर बघत होता. थिएटरात बसून शूट केलेली कॉपी, खाली कुणाचं तरी डोकं, आणि माझ्या स्लिपरवर कुणाचा तरी खोकला. त्याला वाटलं मला आनंद होईल. "साहेब, तुमचा पिक्चर!" म्हणून त्याने फोन पुढे केला.

मराठी चित्रपटाला पुण्यात शो मिळतात मोजके. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी तेही जातात. मग निर्माता शेवटचा हप्ता "बघू" म्हणतो. माझा अजून बघतोच आहे.

आणि नेटवाले इतके गरीब बिचारे नाहीत हो. दहा वर्षांपूर्वीची पत्रकं आठवा. इंटरनेटला 4 एमबीपीएस आणि टॉरेंटला, म्हणजे लोकांनी एकमेकांकडून फाइली उतरवायला, त्याच्या कितीतरी पट स्पीड, असं ठळक छापून कनेक्शनं विकली यांनी. टॉरेंटवरून लोक काय उबुंटूसारखं कायदेशीर फुकट सॉफ्टवेअर उतरवत होते? तेव्हा चोरीच्या जोरावर गिऱ्हाईक जोडायचं आणि आता "आम्ही फक्त वायर टाकतो". 2023 पासून थिएटरात चोरून शूट करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे, दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. छान. पण तो माणूस सापडेपर्यंत लिंक उघडीच ना? ती बंद कोण करणार, वॉचमन?

पेठेतली_पाल

लिंक बंद करणं वेगळं आणि घराचं नेट तोडणं वेगळं. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय.

लिंक बंद करायला रस्ता आहे. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तर एकदा बंद केलेली साइट नव्या नावाने उगवली तर तीही त्याच आदेशात घालायची सोय करून दिली. पण सरसकट केलं की काय होतं तेही पाहिलंय. 2012 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावर नेटवाल्यांनी अख्ख्या साइट बंद केल्या, ज्यांवर लोकांचे स्वतः काढलेले व्हिडिओ होते त्यासुद्धा. शेवटी न्यायालयाला सांगावं लागलं की बाबांनो, नेमकी लिंक बंद करा. 2016 मध्ये मुंबईला न्या. गौतम पटेल यांनी एका हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांना तेच सुनावलं, आधी एकेक लिंक तपासून या.

या सगळ्यात कुठेतरी न्यायाधीश आहे. निवांतरावांच्या प्रकरणात एक ईमेल आणि एक पोरगा.

साउंडवाला

वकील नेमायला पैसे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी न्यायाधीश. आमच्या निर्मात्याचं बजेट पोस्टर चिकटवण्यात संपलं होतं.

कॅसेटकाका

जरा अवांतर. कर्वे रोडला अलूरकर म्युझिक हाऊस होतं. तिथून घेतलेल्या शास्त्रीय गाण्याच्या कॅसेट माझ्याकडे अजून आहेत, त्यातल्या तिघींना बुरशी लागलीय. नवी प्रत विकत घ्यायला शोध शोध शोधली. मिळाली कुठे? एका अनोळखी माणसाने फुकट चढवली होती तिथे. मी उतरवून घेतली. ध्वनिमुद्रणावरचा हक्क 60 वर्षं असतो, म्हणजे 1985 ची कॅसेट 2045 संपेपर्यंत हक्कात. तेव्हा मी 94 चा असेन. मलाही नोटीस येणार का? पैसे द्यायला तयार आहे, घेणारा दाखवा.

साउंडवाला

काका, तुमची कॅसेट आणि परवाचा चित्रपट एका पारड्यात नका घालू. तुमच्यावर कुणी केस केली तर साक्षीला मी येईन.

खांबावरचा_माणूस

मी या धंद्यात आहे, कुठल्या कंपनीत ते विचारू नका.

साउंडवाल्यांचं पत्रकाबद्दलचं खरं आहे. आम्हीच वाटली ती.

आता नोटिशीचं. छोट्या नेटवाल्याकडे आयपी पत्ते कमी आणि घरं जास्त. म्हणून एका पत्त्यामागे पन्नास-शंभर घरं बसवतात. बाहेरून बघणाऱ्याला तो एकच माणूस दिसतो. कुठलं घर ते शोधायला पोर्ट नंबर आणि अचूक वेळ घेऊन लॉग, म्हणजे कोण कधी जोडलेलं होतं त्याची नोंद, चाळावा लागतो, आणि पाच मिनिटं इकडची तिकडे झाली तर शेजारी अडकतो. हे काम करायला दुकानात माणूस नसतो. जो असतो तो सकाळी खांबावर, दुपारी वसुलीला. साहेब म्हणतात, झंझट नको, लाइन काट, ग्राहक ओरडला तर बघू. त्यामुळे हे काम आमच्याकडे देऊ नका हे माझंही मत. भल्यासाठी नाही, आम्हाला जमत नाही म्हणून.

निवांतकाका, एक विचारतो. नोटिशीत 14:10 च्या पुढे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलंय का? बहुतेक वेळा असतं. तसं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. आमची पोरं हे हमखास विसरतात.

निवांत_पुणेकर

ईमेल आत्ता पुन्हा उघडला. यूटीसी आहे.

म्हणजे संध्याकाळचे सात चाळीस. म्हणजे दुकानाने दुपारचा लॉग बघून मला पकडलं, चुकीच्या वेळेवर. माझा मुद्दा उलट पक्काच झाला.

पेठेतली_पाल

आणि सोमवारी सात चाळीसला घरी कोण होतं?

निवांत_पुणेकर

आई. आणि भाचा, अभ्यासाला येतो तो.

साउंडवाला

🙂

निवांत_पुणेकर

हसू नका. एका पत्त्यामागे शंभर घरं आहेत, वर लिहिलंय. तरी विचारतो त्याला. कुठला पिक्चर होता ते नोटिशीत आहे, तेवढं आधी बघून घेतो.