दंगलीनंतर बाजार पुन्हा उघडला तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

आग्रारोडकर
परवा टीव्हीवर कुठल्यातरी शहरातली बाजारपेठ दाखवत होते. एक माणूस दुकानापुढच्या काचा झाडत होता. मला धुळ्याचा 2008 चा ऑक्टोबर जसाच्या तसा आठवला. 5 तारखेला, रविवारी, गाव पेटलं. नवरात्र चालू, दसरा तोंडावर आणि संचारबंदी. आग्रा रोडला आमचं कापडाचं दुकान. सणासाठी उधारीवर उचललेला माल आत आणि आम्ही नदीपलीकडे देवपुरात घरात कोंडलेले.

ढील मिळाली तसे वडील आणि मी छोट्या पुलावरून चालत गेलो. शटर मधोमध वाकलेलं, पण कुलूप शाबूत. वडिलांनी पायरीवर पाणी मारलं, उदबत्ती लावली आणि शटर अर्धंच वर केलं. अख्ख्या ओळीत तसंच, कमरेपर्यंत उघडलेली दुकानं. आमच्या ओट्यावर मशीन टाकून बसणारे चाचा आले, तेल घातलं, दोरा ओवला. पहिलं गिऱ्हाईक कापडाला आलंच नाही, एक बाई चाचांकडे दिलेलं ब्लाउज मागायला आली. काजं-बटणं राहिली होती. ती तिथेच पायरीवर बसून राहिली, ब्लाउज घेऊनच गेली. त्या दिवशीची भवानी चाचांची. वडिलांना कोण आनंद झाला होता!

तुमच्याकडे बाजार कसा सुरू झाला? दोष कोणाचा ते इथे नको, त्यावर बोलून झालंय.

पांझराकाठ
माय व, वाचीसन आंगवर काटा उना.

मेथीची जुडी
दूध!! मला फक्त दूध आठवतं. वहिनी बाळंतीण, माहेरी मीच मोठी. ढील मिळाली की अख्खी गल्ली पातेली घेऊन पळायची. भाजीवाली मेथीची जुडी वाटेल त्या भावाने विकू शकली असती, तिने नेहमीच्याच भावाने दिली. वर म्हणाली, पैसे राहू दे पोरी, गाव सुरू झालं की दे. नंतर पाचकंदीलच्या बाजारात तिला हुडकून दिले. कुकरची शिट्टी झाली, येते परत.

जुनेधुळे
आमचं 2013 चं. 6 जानेवारी, तोही रविवारच. मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं आणि पुढे पोलिसांच्या गोळीबारात सहा जीव गेले. त्यातला एक मुलगा आमच्या ओळखीच्या घरातला. त्यांच्या दारावरून बाजारात जायला पाय उचलत नव्हता. लोक म्हणत होते, चला, झालं सुरळीत. संक्रांत आठवड्यावर होती. आईने तिळगूळ केला आणि पहिला डबा त्यांच्याकडे पाठवला. त्यांनी डबा रिकामा परत केला नाही, साखर घालून दिली. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही मला.

मेथीची जुडी
@जुनेधुळे दादा, डोळे भरून आले. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

केळीचं पान
मी जळगावची. आमच्या घरात 1970 बद्दलच ऐकत मोठी झाले. 7 मे ला भिवंडी, लगेच 8 ला जळगाव. पुढे या दंगलींच्या चौकशीला न्यायमूर्ती मादन आयोग बसला. आजोबा दाणाबाजारात हमाल. मे महिना, लग्नसराईचा धंदा, आणि पोती उचलायला कोणी बोलवेना. आजी सांगायची, पहिली गाडी रिकामी करायला माणसं जमली तेव्हा मुकादमाने नेहमीच्याच जोड्या लावल्या. आजोबांचा जोडीदार मुसलमान होता. शंभर किलोचं पोतं दोघांनी मिळून उचलायचं तर एकमेकांकडे बघावंच लागतं.
आणि आमचा जळगावचा श्रीरामाचा रथ! कार्तिकी एकादशीला निघतो, भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, तिथे फुलांची चादर चढते. एकदा या बघायला.

खापरावरची पोळी
रथाला येऊ, पण जेवायला कोणाकडे? 😀 भरीत आणि कळण्याची भाकरी पाहिजे.

केळीचं पान
या की! थंडीची चाहूल लागलेली असते, भरताची वांगी ताजी मिळतात.

शटरडाऊन
विषयाला धरून थोडं रोकडं बोलतो, कारण दुकानदार इथे बरेच दिसतात. आमचं दुकान अर्धं जळलं, अर्धं लुटलं. आगीच्या पॉलिसीत दंगलीचं कलम होतं. पंचनामा, फिर्यादीची प्रत, स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं, सगळं दिलं. सर्व्हेअरने जळालेला माल मोजला. उचलून नेलेल्या मालावर मात्र वाद घातला, म्हणे ही चोरी झाली. बिलांची फाइल गल्ल्याखाली होती, तीही जळालेली. व्यापाऱ्यांकडून एकेक प्रत गोळा करत फिरलो. एका व्यापाऱ्याने प्रती दिल्या आणि वरून नवीन मालही धाडला, पैसे दिवाळीनंतर द्या म्हणाला. विम्याच्या आधी त्या माणसाने आमचं दुकान उभं केलं. भावांनो, बिलांची एक प्रत घरी ठेवा.

आग्रारोडकर
@शटरडाऊन अगदी खरं. हप्ता कमी व्हावा म्हणून काही जण दंगलीचं कलम काढून टाकतात. तसं करू नका.

गट ६
वडील एसआरपीत, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलात. आठवडाभर चौकात उभे, घर तिथून जवळ पण जाता येत नव्हतं. समोरच्या माडीवरून एक आजी टोपलीला दोरी बांधून भाकरी आणि ठेचा खाली सोडायची. बाजार उघडला तेव्हा तिने वरून ओरडून सांगितलं, आता हॉटेलं उघडली, शेवभाजी खा. वडील अजून त्या माडीखालून जाताना वर बघतात.

मेथीची जुडी
आले परत. @गट ६ ही माडी फुलवाला चौकातली का? हिरव्या कठड्याची?

गट ६
ताई, चौक तोच. कठड्याचा रंग वडिलांना विचारून सांगतो, आता झोपलेत.