टचपॅड बंद करायचा, पण एक्सइनपुट चालत नाही

टाइप करताना तळहात लागून कर्सर भलत्याच ओळीत जातो, म्हणून लिनक्स लॅपटॉपचा टचपॅड बंद कसा करायचा, असा प्रश्न इथे होता. त्यावर कुणीतरी एक्सइनपुटची (टचपॅड, माऊस वगैरे टर्मिनलमधून चालू-बंद करायचं साधन) कमांड दिली आहे. ती बरोबर आहे, पण फक्त एक्स११ वर, म्हणजे स्क्रीन, माऊस वगैरे सांभाळणाऱ्या जुन्या प्रणालीवर. उबुंटू २२.०४ मध्ये बहुतेक लॅपटॉपवर वेलँड (एक्स११ च्या जागी आलेली नवी प्रणाली) सेशनच चालू असतं. तिथे एक्सइनपुटची यादी काढली की टचपॅडचं नावच दिसत नाही, नुसते 'एक्सवेलँड-पॉइंटर' असले प्रकार दिसतात. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली, म्हणून आवर्जून सांगतोय. आणि एक्स११ वर असाल तरी कमांडमध्ये डिव्हाइसचा नंबर घालू नका, रीबूटनंतर तो बदलू शकतो. नाव घाला.

ग्नोमवर (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) डीकॉन्फ एडिटर हे आतल्या सेटिंग्ज बदलायचं ॲप टाका. त्यात ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, पेरिफेरल्स, टचपॅड असं आत जा. 'सेंड-इव्हेंट्स' ही की, म्हणजे सेटिंग, सापडेल. तिची किंमत 'डिसेबल्ड' केली की टचपॅड पूर्ण बंद. मला मात्र 'डिसेबल्ड-ऑन-एक्स्टर्नल-माऊस' जास्त आवडतं: माऊस जोडला की टचपॅड बंद, काढला की आपोआप चालू. प्रवासात अडत नाही. फक्त वायरलेस माऊसचं डोंगल लावून ठेवलं असेल, तर माऊस बंद असूनही टचपॅड बहुधा मेलेलाच राहील. घाबरू नका, डोंगल काढा.

एक्सएफसीई (ग्नोमऐवजी वापरला जाणारा दुसरा डेस्कटॉप) वाल्यांनी हे काही करू नये. सेटिंग्जमध्ये 'माऊस अँड टचपॅड' उघडा, वर टचपॅड निवडा आणि चालू-बंदचा पर्याय बदला. टाइप करत असेपर्यंतच बंद ठेवायचा पर्यायही तिथेच मिळेल.