रास्पबेरी पाय ४ वर दोन-तीन ओएस आलटून पालटून चालवायच्यात, एक कार्ड बूटच होईना – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईपासून जवळच आमचं गाव, तिथं आम्ही छोटी अभ्यासिका चालवतो, भरतीची न टायपिंगची तयारी करणारी पोरंपोरी येऊन बसतेत. भाच्यानं इंजिनिअरिंगला असताना २०१९ ला घेतलेला रास्पबेरी पाय ४ (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर, ४ जीबीवाला) घरी धूळ खात पडला होता, म्हणलं ह्याचं कायतरी करू. जुना मॉनिटर-कीबोर्ड जोडला, लॅपटॉपवरून इमेजरनं (कार्डावर ओएस लिहायचं सॉफ्टवेअर) रास्पबेरी पाय ओएस कार्डावर टाकली आणि एकदम मस्त चालायलंय. त्याच्यावर किविक्स (नेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून मराठी विकिपीडिया उतरवून ठेवलाय, नेट नसलं तरी पोरं वायफायवरून मोबाईलवर वाचतेत. हा भाग सेट आहे, ह्याला हात लावायचा नाही.

आता अडचण अशी की रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर तोच डबा घरी आणून टीव्हीला लावायचाय, आमच्या दादांना पेनड्राईव्हमधली कीर्तनं ऐकायची असतेत अन् टीव्हीला ती फाईल चालत नाही. त्यासाठी कोडीवालं (व्हिडिओ-गाणी चालवायच्या सॉफ्टवेअरवालं) लिब्रेइलेक ओएस टाकलेलं कार्ड संभाजीनगरच्या एका दुकानातून रेडीमेड आणलं, दुकानदार म्हणला सगळ्या पायला चालतंय. घरी लावलं तर स्क्रीन काळीच. लाल लाईट नीट आहे, हिरवा चार वेळा पटपट लुकलुकतो, थांबतो, परत चार वेळा, असंच चालू राहतं. पहिलं कार्ड घातलं की लगेच चालू होतंय, म्हणजे बोर्ड काही गेलेला नाही.

दुसरं, कार्ड रोज काढघाल करायचा कंटाळा आहे, एकाच कार्डावर दोन्ही ओएस टाकून सुरुवातीला मेनू येईल असं करता येतं का? पिन नावाचं कायतरी असतं म्हणे. आणि पोरं लई दिवसापासून मागं लागलेत की विंडोज टाका, टायपिंगची प्रॅक्टिस करायचीय, तर ते जमतं का. कोपऱ्यात अधूनमधून पिवळी वीज चमकल्यासारखं चिन्ह येतं ते कशाचं तेही सांगा. चार्जर मोबाईलचाच आहे, फास्टवाला.

प्रतिसाद –
चार लुकलुकी म्हणजे पायला कार्डावर स्टार्ट फाईल सापडेना. पाय ४ ला ‘स्टार्ट४’ नावाची फाईल लागते, पाय ३ अन् त्याच्या आधीच्यांना नुसती ‘स्टार्ट’. कार्ड लॅपटॉपला लावा, छोटं पार्टिशन उघडेल त्यात बघा कोणती आहे. माझा अंदाज, दुकानदारानं पाय २/३ ची इमेज (कार्डावर लिहायची ओएसची फाईल) टाकून दिलीय. लिब्रेइलेकची पाय ४ ची इमेज वेगळी, पाय ५ ची वेगळी, सगळ्यांना एकच असं काही नसतंय. इमेजरमधे आधी बोर्ड पाय ४ निवडा, मग मीडिया प्लेयरच्या खाली लिब्रेइलेक आहे, तेच कार्ड पुसून परत लिहा. विंडोजमधे कार्ड लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतं, तिथं कॅन्सल करा, लिनक्सचं पार्टिशन त्याला वाचता येत नाही म्हणून विचारतंय ते.

विंडोजचं म्हणाल तर नेहमीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरची असते, पायचा प्रोसेसर एआरएम. खटपट करून एआरएमवालं विंडोज टाकणारे आहेत, पण पाय ४ वर ते इतकं रांगतं की पोरं परत येणार नाहीत. पाय ओएसमधेच लोहित देवनागरी फॉन्ट टाका, कीबोर्डमधे इंडियाचं देवनागरी जोडा, इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्डची मांडणी) टायपिंगची प्रॅक्टिस फुकटात होती.

प्रतिसाद –
पिन चालतं, मेनूपण येतो, पण माझं मत विचाराल तर नको. कार्ड गेलं की अभ्यासिका न कीर्तन दोन्ही एकदमच गेलं. त्यापेक्षा पाय ओएस यूएसबीच्या एसएसडीवर टाका आणि कार्डावर फक्त लिब्रेइलेक ठेवा. पाय ४ मूळ सेटिंगमधे आधी कार्ड बघतो, कार्ड नसलं की यूएसबी. कार्ड आत तर टीव्ही, कार्ड बाहेर तर अभ्यासिका, मेनूची गरजच नाही. काढताना आधी शटडाऊन करा म्हणजे झालं.

फक्त बोर्ड २०१९ चा आहे म्हणताय, तेव्हाच्या बूटलोडरमधे (ओएस कुठून सुरू करायची ते ठरवणारा बोर्डातला प्रोग्राम) यूएसबीवरून बूट नव्हतं, ते २०२० मधे आलं. इमेजरमधे युटिलिटीच्या खाली बूटलोडर आहे, त्यातलं एसडी कार्ड बूटवालं (आधी कार्ड, ते नसलं तर यूएसबी) एका रिकाम्या कार्डावर लिहून पायला लावा. हिरवा लाईट एका लयीत लुकलुकायला लागला, स्क्रीन हिरवी झाली की काम झालं.

वीजेचं चिन्ह म्हणजे व्होल्टेज कमी पडायलंय. बऱ्याच फास्ट चार्जरचा जोर ९ व्होल्टला असतो, पाय तर ५ व्होल्टच घेतो, आणि तिथं ते बऱ्याचदा २ अँपियरच देतेत. ३ अँपियरचा पायचाच अडॅप्टर घ्या, हे आधी, एसएसडी नंतर.

धागाकर्ता –
लई उपकार भाऊ. बघितलं, कार्डावर नुसती ‘स्टार्ट’च आहे. परत लिहिलं, आता लिब्रेइलेक चालू झालं, दादांची कीर्तनं सुरू आहेत. अडॅप्टर मागवलाय. अजून एक, आमच्याकडं लाईट केव्हाही जाती, परवा तर डीपीच जळाली. लाईट आल्यावर नेट नसलं की पायमधली वेळ मागंच राहती अन् मग नेट आलं तरी वेबसाईटा थोडा वेळ सर्टिफिकेटची एरर देतेत. ह्याला काय इलाज?

प्रतिसाद –
पाय ४ वर घड्याळाचा सेलच नाही, पाय ५ पासून त्याची सोय आली. डीएस३२३१ चं आरटीसी मॉड्यूल (सेलवर चालणारं घड्याळ) मिळतं, बोर्डाच्या पिनांवर बसवा, कॉन्फिग फाईलमधे एक ओळ टाकायची असते. आणि लाईट अशी जात असेल तर सगळं सेट झाल्यावर रास्पी-कॉन्फिगमधून (पाय ओएसचा सेटिंगचा मेनू) ओव्हरले फाईल सिस्टीम चालू करा, मग डिस्कवर काही लिहिलंच जात नाही अन् फाईली खराब होत नाहीत. नवीन काही टाकायचं असलं की तेवढ्यापुरती बंद करायची, नाहीतर रीस्टार्टला सगळं गायब. एसएसडी निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टात लावा बरं का.