मदत हवी आहे: आईच्या डोळ्यातली कळ, ट्रायजेमिनल की सन्क्ट?

नमस्कार. आई ६१ वर्षांची, आम्ही साताऱ्याचे. गेल्या दिवाळीपासून तिच्या चेहऱ्यात उजव्या बाजूला करंट लागल्यासारखी कळ येते. आधी वरच्या दाढेत सणक जायची, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. रूट कॅनाल झालं, मग दाढ काढली, मग शेजारचीही. दुखणं होतं तिथेच. दोन्ही दाढा चांगल्या होत्या हे नंतर कळलं, त्याचं अजून फार वाईट वाटतं.

न्यूरॉलॉजिस्टनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचं दुखणं) सांगून कार्बामाझेपीनची गोळी सुरू केली. तीन आठवडे आई पोटभर जेवली. डोस वाढवल्यावर तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं. रक्तातलं सोडियम फारच कमी, १२२ निघालं, ॲडमिट करावं लागलं. ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे त्यांनी, विशेषतः वयस्कर माणसांचं, सोडियम डॉक्टरांना विचारून तपासत राहा. गोळी कमी केली आणि कळा परत आल्या.

आता त्या भुवईत आणि डोळ्यामागे येतात. कळ आली की तोच डोळा लालभडक होतो, घळाघळा पाणी येतं, त्याच बाजूची नाकपुडी वाहते. मी वहीत लिहून ठेवतेय: २० ते ९० सेकंद, दिवसात तीस-चाळीस वेळा. तोंड धुताना, केस विंचरताना, नुसता पंख्याचा वारा लागला तरी. ट्रायजेमिनलमध्ये बहुधा एक कळ गेली की थोडा वेळ तरी उसंत मिळते. आईला लागलीच दुसरी येते. मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला, तेव्हा डॉक्टर म्हणाले हे सन्क्ट (SUNCT) असू शकतं, म्हणजे एकाच बाजूला छोट्या छोट्या कळा येऊन त्या बाजूचा डोळा लाल होणारी, पाणी येणारी दुर्मिळ डोकेदुखी. क्लस्टर डोकेदुखी नाही, कारण तिचा झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो. इंडोमेथासिन हे वेदनाशामकही देऊन पाहिलं, काही फरक नाही. आता पिट्युटरी (मेंदूच्या तळाची ग्रंथी) आणि चेहऱ्याच्या त्या नसेला रक्तवाहिनी टेकतेय का, हे बघायला नव्याने एमआरआय सांगितलाय.

लॅमोट्रिजिन हे फिट्सवरही देतात ते औषध सुरू करणार आहेत. अंगावर घातक पुरळ उठण्याचा धोका असतो म्हणून डोस हळूहळू चढवतात, त्यात कित्येक आठवडे जातात. हे आठवडे कसे काढायचे? तुमच्या घरी कुणाला दवाखान्यात ठेवून शिरेतून लिग्नोकेन (बधिर करायला वापरतात ते औषध) दिलं होतं का, उपयोग झाला का? रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉन ठेवतात ती शस्त्रक्रिया सन्क्टसाठी केलेलं कुणी आहे का? किती वर्षं आराम पडला, ऐकण्यावर परिणाम झाला का?

पुण्या-मुंबईत अशा डोकेदुखीचा अनुभव असलेले डॉक्टर माहीत असतील तर नाव व्यनि (खासगी निरोप) करा. घरगुती उपाय सगळे करून झालेत, ते कृपया नकोत.

आणि एक. भाकरी चावताना कळ येते म्हणून ती पेज आणि मऊ भातावर आहे, सात किलो वजन उतरलंय. तुम्ही काय खायला देत होतात? सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी जे सांगाल ते वहीत टिपून नेईन.