'सोर्स' म्हणाला की म्हणाली?

म्हापशेकरीण: एक इंग्रजी सस्पेन्स कादंबरी मराठीत करतेय आणि अडकलेय. नायक शोधपत्रकार आहे, बंदरातल्या स्मगलिंगच्या मागे लागलेला, त्याला आतून माहिती देणारं कुणीतरी आहे. लेखक निम्मं पुस्तक नुसतं सोर्स सोर्स म्हणत राहतो, बाई की बाप्या कळूच देत नाही, आणि कळतं तोवर नायकाची बायको नि मुलगा गुंडांच्या ताब्यात गेलेले असतात. मी पहिल्याच पानावर 'सोर्स म्हणाला' लिहिलं आणि सस्पेन्सची माती झाली, कारण शेवटी ती बाई निघते. 'सूत्र' घ्यावं तर 'माझं सूत्र काल रात्री मेलं' असं वाक्य झालं, मोठ्याने वाचलं आणि खोडलं. काय करू?

डिचोलीवाला: पेपरात रोज 'सूत्रांनी सांगितले' असतं की, ते चालतं.

जुना प्रूफरीडर: ते का चालतं ते बघा. पणजीत एका मराठी पेपरात वीस वर्षं प्रुफं तपासली म्हणून सांगतो. अनेकवचन असल्यामुळे माणूस एक की दहा ते कळत नाही, आणि 'नी' लागला की क्रियापद माणसाला सोडून कर्माच्या मागे जातं, मग बाई-बुवाही कळत नाही. तुम्ही एकवचनात तेच करा. सोर्सने सांगितलं, विचारलं, कळवलं, पाठवलं. 'म्हणाला'च्या जागी 'म्हटलं'.

म्हापशेकरीण: सुटल्यासारखं वाटलं! पण येणं, भेटणं, बोलणं, घाबरणं यांना 'ने' लागतच नाही. आणि त्याने-तिने आलं की फुटलंच, म्हणजे दर वाक्यात 'सोर्सने, सोर्सने'. एका प्रसंगात सोर्स घाबरून पळते, तिथे कालपासून बसलेय.

फोंड्याचा मास्तर: 'सोर्सने म्हटलं' ही कोंकणीची छाया आहे. आपण 'ताणें म्हळें' म्हणतो म्हणून ते कानाला बरं वाटतं. मराठीत 'तो म्हणाला' हेच खरं. आणि सोर्स कशाला? 'खबऱ्या' आहे की. खबर शब्द गोव्यात घराघरात आहे, भेटल्यावर पहिलं 'किदें खबर'.

जुना प्रूफरीडर: मास्तर, 'मी म्हटलं' हे पुण्यातला माणूसही दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. कोंकणीला दोष देऊ नका. छाया असलीच तरी वाईट काय त्यात, दोन्ही भाषा आपल्याच आहेत.

मडगावचा क्राईमवाला: खबऱ्या नको, पाया पडतो. खबऱ्या पोलिसांचा, त्याला पैसे नाहीतर सवलत मिळते. आपल्याला सांगणारा माणूस पुष्कळदा नोकरी नि जीव पणाला लावून सांगतो. सात वर्षं हे काम केलंय. एकाचा नंबर मी 'गॅस सिलिंडर' नावाने सेव्ह केला होता, बायकोलाही ठाऊक नव्हतं. एक दिवस कुणीतरी अनोळखी माणूस आमच्या दारात येऊन मुलीची शाळा किती वाजता सुटते ते विचारून गेला. त्या रात्री बायकोने एवढंच विचारलं, सिलिंडर कोण? मी सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात, बातमी कुठून मिळाली ते सांगायची सक्ती कौन्सिलने पत्रकारावर करू नये असं आहे, पण ते कौन्सिलपुरतंच, कोर्टात तसलं कवच नाही. अमेरिकेतलं वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणाऱ्या पत्रकारांच्या सोर्सचं नाव २००५ साली फुटलं, मार्क फेल्ट, तेसुद्धा त्याने स्वतः सांगितलं म्हणून. अशा माणसाला खबऱ्या म्हणवत नाही. आम्ही 'आपला माणूस' म्हणायचो.

पेडण्याची लेक: आपला कशाला, आपलं माणूस! माझी आजी दारात कुणी आलं की 'कोण माणूस आलं गो?' असं विचारायची, बाई असो की बाप्या. घरचं माणूस, शेजारचं माणूस. 'आतलं माणूस' करा. आतलं माणूस म्हणालं, घाबरलं, पळालं. 'ने'ची कसरतच नको.

म्हापशेकरीण: अगं!! लगेच तीन पानं बदलून बघितली. 'फाटकापाशी आतलं माणूस उभं होतं, हातातली छत्री मिटलेली, पाऊस असून.' अंगावर काटा आला.

फोंड्याचा मास्तर: पण माणूस नपुंसकलिंगी घेतला की वाचकाच्या मनात बाईच येते. बाईमाणूस म्हणतो आपण, ते बाईमाणूस. म्हणजे गुपित फुटलंच.

पेडण्याची लेक: आणि गडीमाणूस? 'आमचं गडीमाणूस' असं म्हणतात आमच्याकडे.

फोंड्याचा मास्तर: तुमच्याकडे. आमच्याकडे 'आमचा गडीमाणूस'.

म्हापशेकरीण: आणखी एक, घाईत विचारते. गुंड पैसे मागत नाहीत, मुलाच्या बदल्यात सोर्सचं नाव मागतात. मी 'खंडणी म्हणून नाव मागितलं' असं लिहिलंय. चालेल?

डिचोलीवाला: खंडणी पैशाचीच. नावाची कसली खंडणी.

जुना प्रूफरीडर: पैशाचीच असं का? खंडून, ठरवून घ्यायचं ते. आपल्याकडे कूळ भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, खंड द्यायचं ते भातच की. मला तर खंड नि खंडणी एकाच घरातले वाटतात.

डिचोलीवाला: खंड हा करार झाला, खंडणी ही जबरदस्ती. आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं खंड दिला, कधी कमी नाही की उशीर नाही. त्याला खंडणीच्या पंगतीला बसवू नका.

जुना प्रूफरीडर: आजोबांचा अपमान नाही हो. पण पीक बुडालं त्या वर्षी द्यायला लागायचा ना? त्या वर्षी त्याला काय म्हणायचे घरात?

डिचोलीवाला: आईला विचारून सांगतो.