'यार' हा 'जार' या शब्दाचाच वंशज आहे का?

मूळ मत
प्रेमयाचना करणाऱ्या पुरुषाला लेखनात 'प्रियकर' म्हटले जाते. बोलण्यात मात्र 'यार' चालतो आणि 'तिचा यार' म्हणताच त्यात निंदा येते. संस्कृत 'जार' शब्दातही तीच निंदा असून अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने 'जारस्तूपपतिः समौ' असे म्हणत जार आणि उपपती (स्त्रीचा पतीखेरीजचा प्रियकर) यांना एकाच पंक्तीला बसवले आहे. अर्थ जुळतो, उच्चारही जवळचा आहे. मग 'यार'च्या उगमासाठी फारसीकडे जाण्याचे कारण काय?

विरोधी प्रतिसाद
उच्चाराचा आधार येथे टिकत नाही. संस्कृतातून प्राकृतात येताना शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, योगीचा जोगी झाला. आपण सुचवता तो प्रवास नेमका उलट्या दिशेचा आहे. फारसीत 'यार' म्हणजे मुळात साहाय्य करणारा, सोबती.

मूळ मतकर्ते
ध्वनिनियम मान्य केला, तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. फारसीतला हा सोबती मराठीत आल्यावर स्त्रीच्याच संदर्भात बदनाम का व्हावा? 'जार' आधीपासून कानावर होता, म्हणूनच ही छटा त्याला चिकटली, असे मला ठामपणे वाटते.

विरोधी प्रतिसाद
फारसी काव्यात 'यार' प्रेमपात्रासाठीही येतो, त्यामुळे प्रेमाचा अर्थ तयारच होता. पुरुषाचे 'यारदोस्त' आपण कौतुकाने मोजतो आणि स्त्रीच्या यारावर बोट ठेवतो. हा डाग व्युत्पत्तीचा नसून आपल्या नजरेचा आहे.

तिसरा प्रतिसाद
दोघांनीही 'जार' हा शब्द मुळातच निंदेचा धरला आहे, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 66व्या सूक्तात अग्नीला 'जारः कनीनां पतिर्जनीनाम्', म्हणजे कुमारिकांचा प्रियकर आणि विवाहितांचा पती, असे म्हटले आहे, आणि ती स्तुती आहे. दहाव्या मंडलातील सूर्येच्या (सूर्यकन्येच्या) विवाहसूक्तात वधूची इच्छा धरणाऱ्या सोमासाठी 'वधूयु' असा वेगळा शब्द येतो. म्हणजे प्रेम करणारा आणि मागणी घालणारा यांच्यासाठी त्या भाषेत निरनिराळे शब्द होते, आणि या सूक्तांत त्यांपैकी एकही लाजिरवाणा नव्हता. पुढे यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराने आपल्या 'निरुक्त' या ग्रंथात रात्रीला जीर्ण करणारा सूर्य तो जार, अशी फोड केली. ती फोड भाषाशास्त्राच्या कसोटीवर उतरो वा न उतरो, यास्कालाही 'जार' शब्दापाशी आधी सूर्य आठवला, मानवी जार हा पर्याय त्याने नंतर दिला. म्हणून 'यार' शब्दाची बदनामी 'जार'वर ढकलण्यापूर्वी 'जार' स्वतः केव्हा आणि कोणाच्या धर्मशास्त्रामुळे बदनाम झाला, याचे उत्तर मूळ मतकर्त्यांनी द्यावे.